आईच्या आईची आई : बेने इस्रायलांच्या विवाहनोंदी आणि वंशशोध

पावसाळा सरून रस्त्यांवरचा चिखल वाळला, की पनवेलच्या जुन्या पेठेत दरवर्षी काही पाहुणे दिसू लागतात, ज्यांची चेहरेपट्टी कोकणी असते, बोली मराठी असते, आणि तीही आपल्या आजोबांच्या वेळची, 'इस्पितळ' आणि 'कंदील' असे शब्द सहज तोंडात येणारी. मात्र खिशातले पारपत्र इस्रायलचे असते. रिक्षावाल्याला ते 'मशीद कुठे आहे' असे विचारतात, कारण त्यांच्या आजीने सिनेगॉगला जन्मभर मशीदच म्हटलेले असते. रिक्षावाला अर्थातच त्यांना भलत्याच दारी उतरवतो, आणि तिथून विचारीत विचारीत ही मंडळी बेथ एल या प्रार्थनामंदिरापाशी येऊन पोहोचतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या पिशवीत एखाद्या जुन्या केतुब्याची, म्हणजे विवाहलेखाची, छायाप्रत असते, आणि ओठांवर एकच प्रश्न असतो : आमच्या आजीचे माहेर कुठले?

या प्रश्नाचे उत्तर विवाहाच्या नोंदींवरून कितपत मिळू शकते, कोणत्या नोंदी शिल्लक आहेत, त्या वाचताना कुठे फसगत होते, आणि या कागदांनी एकदा या समाजाला केवढ्या मनस्तापात लोटले होते, याचा आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे. जन्माची नोंद एका जीवाची, मृत्यूची नोंद एका देहाची; पण विवाहाची नोंद हाच काय तो एक कागद असा, की ज्यावर दोन घराणी एका वेळी हजर राहून आपापली नावे सांगतात. म्हणून देशांतर केलेल्या कुळाचा माग काढणारा शोधक, तो कोणत्याही मुलखातला असो, अखेरीस विवाहाच्या दप्तराशी येतो. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुदींच्या, बाबतीत या सामान्य नियमाला एक वेगळे वळण आहे, आणि ते वळणच या लेखाचा खरा विषय आहे.

बेने इस्रायल हे कोकणात कधी आले याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात स्त्रिया व सात पुरुष तेवढे वाचले, ही त्यांची परंपरागत कथा. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम यांवरून शेजाऱ्यांनी त्यांना दिलेले 'शनवार तेली' हे नाव, ही त्यांच्याविषयीची सर्वांत बोलकी साक्ष. अठराव्या शतकापासून कंपनी सरकारच्या पलटणींत शिरून त्यांच्यातल्या अनेकांनी नाव कमावले, आणि त्यांपैकीच एक सुभेदार पदाचे गृहस्थ सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईस मांडवी भागात 'शार हारहमीम' हे पहिले सिनेगॉग बांधले, जे लोकांच्या तोंडी जुनी मशीद झाले. त्यानंतरच्या शतकात कोकणात प्रार्थनामंदिरांची मालिकाच उभी राहिली : रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. या सनावळ्या केवळ वास्तूंच्या म्हणून कंटाळवाण्या वाटतील. परंतु शोधकाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ असा, की त्या त्या गावात विवाहाचे कागद एका छपराखाली जमा होऊ लागण्याची शक्यता त्या सनापासून निर्माण झाली. त्यापूर्वीची लग्ने घरच्या ओटीवर लागत, आणि त्यांची नोंद माणसांच्या स्मरणात राही.

आता आडनावांकडे वळू, कारण बहुतेक पाहुणे तिथूनच आरंभ करतात आणि तिथेच चुकतात. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, आवासकर, पेझारकर, चेऊलकर, अष्टमकर अशी शंभरांहून अधिक ग्रामवाचक आडनावे या समाजात आहेत, आणि नकाशा पुढे ठेवून ती वाचीत गेले तर कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याचा अर्धा किनारा डोळ्यांपुढे उभा राहतो. पाहुण्यास वाटते, आपण पेणकर, तेव्हा पेणला गेले की काम झाले. परंतु गावाचे नाव माणसाला चिकटते ते तो गाव सोडतो तेव्हा. पेणमध्ये राहणाऱ्यास पेणकर म्हणण्याची गरज कोणालाच पडत नाही. तेव्हा आडनाव सांगते ते कोण्या एका खापरपणजोबाने मागे टाकलेले गाव. त्यानंतर तीन पिढ्या पनवेलला, दोन मुंबईला आणि एक कराचीला गेल्या असतील तर त्याविषयी आडनाव मुग्ध असते. शिवाय गावे जुळी असतात. अलिबागेजवळ नागाव आहे आणि उरणजवळही नागाव आहे. नागावकर कोणत्या नागावचा? आणि तोच नागावकर हिंदूही असू शकतो, कारण 'कर' हा प्रत्यय कोणा एका धर्माच्या मालकीचा नाही.

इथे थोडे विषयांतर करून फिनलंडचे उदाहरण सांगण्याचा मोह होतो, कारण त्या दूरच्या, बर्फाळ मुलखातली अडचण आपल्या कोकणच्या अडचणीशी आश्चर्य वाटावे इतकी मिळतीजुळती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३० पर्यंत सुमारे तीन लाख फिन्नी माणसे अमेरिकेत गेली, आणि मिशिगन व मिनेसोटा या प्रांतांतल्या खाणींत आणि जंगलतोडीत मिसळून गेली. पश्चिम फिनलंडात माणसाचे उपनाव म्हणजे तो राहत असलेल्या शेतवाडीचे नाव. वाडी बदलली की नाव बदलले, आणि घरजावई झालेला पुरुष सासुरवाडीच्या वाडीचे नाव लावू लागला. तेव्हा अमेरिकेतल्या नातवाने आजोबांचे उपनाव घेऊन मायदेशी शोध करावा, तर आजोबांचे सख्खे भाऊ निराळ्याच नावांनी सापडावेत! त्यांची सुटका झाली ती दोन गोष्टींमुळे. एक, अमेरिकेतल्या विवाहनोंदीच्या छापील नमुन्यात वधूवरांच्या आईबापांची नावे, आणि पुष्कळ ठिकाणी आईचे माहेरचे नाव, लिहिण्याचा रकानाच होता. आणि दुसरी, १६८६ च्या धर्मशासनाने स्वीडनच्या अमलाखालच्या त्या देशातील प्रत्येक पाद्र्यावर आपल्या परगण्यातील माणसांची पुस्तके ठेवण्याची सक्ती केली होती. एका टोकाला आईचे माहेर सांगणारा रकाना, दुसऱ्या टोकाला शतकानुशतकांची नोंदबुके. मधला समुद्र मग नातवाला फारसा रुंद वाटत नाही. आमच्या पनवेलच्या पाहुण्याजवळ या दोहोंपैकी एकही नाही. त्याच्याजवळ आहे तो केतुबा.

केतुबा हा आरामी भाषेत, हिब्रू लिपीत लिहिलेला करारनामा असून लग्नमंडपात तो सर्वांसमक्ष वाचून दाखवण्याची चाल आहे. अमुक वारी, अमुक महिन्याच्या अमुक दिवशी, जगाच्या निर्मितीपासून अमुक वर्षी, अमुक गावी, अमुकाचा पुत्र अमुक याने अमुकाची कन्या अमुक हिला आपली धर्मपत्नी होण्याविषयी विचारले व तिने संमती दिली. तिच्या चरितार्थाची हमी वराने घेतली. तिच्या हक्काची ठराविक रक्कम त्याने मान्य केली. आणि दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, असा त्याचा सांगाडा. हा मजकूर शतकानुशतके जवळजवळ तोच असल्यामुळे अनभिज्ञ माणसाला तो निरुपयोगी साचा वाटतो. पण जाणत्याला त्या साच्यातल्या चार-पाच रिकाम्या जागांतच सारे सापडते.

उदाहरणार्थ, वधूच्या नावाआधीचे विशेषण पाहावे. 'बेतुल्ता' म्हणजे कुमारिका, 'अर्मल्ता' म्हणजे विधवा. कुमारिकेच्या केतुब्यात मूळ रक्कम दोनशे झूझ, विधवेच्या केतुब्यात शंभर. झूझ हे नाणे कोकणात कोणी पाहिलेले नव्हते आणि ती रक्कम कोणी मोजूनही दिली नसेल. परंतु शंभराचा आकडा दिसला, की शोधकाने ताबडतोब ओळखावे, ही या स्त्रीची दुसरी सोयरीक, तिचा पहिला केतुबा कुठे तरी असला पाहिजे, आणि पहिल्या नवऱ्यापासूनची तिची मुले दुसऱ्याच आडनावाने जगाच्या पाठीवर हिंडत असू शकतात. एका शब्दाने आणि एका आकड्याने एवढी हकीकत सांगणारे कागद सरकारी दप्तरात विरळाच.

साक्षीदारांच्या सह्यांविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. वंशशोधाची आवड असलेल्या माणसाला साक्षीदार दिसला की तो काका किंवा मामा असल्याचे भास होऊ लागतात, आणि बऱ्याच समाजांत ते खरेही ठरते. परंतु यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे वधूवरांचा जवळचा आप्त केतुब्याचा साक्षीदार होऊ शकत नाही. तेव्हा सही करणारा गृहस्थ हा नात्यातला असण्यापेक्षा जमातीतला मानकरी, मुकादम किंवा प्रार्थना चालवणारा हज्जान, असण्याचा संभव अधिक. त्याच्या हस्ताक्षराचा उपयोग निराळाच आहे : त्याच हज्जानाची सही दुसऱ्या एखाद्या तारीख फाटलेल्या केतुब्यावर मिळाली, तर त्या कागदाचा काळ आणि गाव ठरवता येते.

तारखेच्या बाबतीतही धर्मच शोधकाच्या मदतीला येतो. जगाच्या निर्मितीपासूनच्या ५६१० या वर्षाचा आरंभ इसवी सन १८४९ च्या सप्टेंबरात झाला, एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवले तर बाकीचे गणित करता येते. तरीही तारखेचे रूपांतर करताना दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे विसरल्यामुळे एका दिवसाचा फरक हमखास पडतो. पण शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, लग्न लागत नाही. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाआधीचे तीन आठवडेही वर्ज्य. तेव्हा रूपांतर करून तारीख शनिवारी दुपारची निघाली, तर चूक नोंदीत नसून आपल्या गणितात किंवा वाचनात आहे असे खुशाल समजावे. वाचनात चूक होणे फार सोपे. हिब्रूतले 'दालेत' आणि 'रेश' ही अक्षरे शाई पसरली की एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, 'हे' आणि 'हेत' यांची तीच गत. आणि थडग्यावरील शिलालेखांत वर्षातले हजार गाळून लिहिण्याची रीत असल्याने तिथे सहाशे दहा म्हणजे पाच हजार सहाशे दहा असे मनाशी भरून काढावे लागते.

नावांचा गुंता याहूनही अवघड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेने इस्रायल पुरुष हा धर्मकार्यात एका नावाने आणि व्यवहारात दुसऱ्या नावाने वावरत असे. यहेझ्केल तो हसाजी, शमुएल तो समाजी, अब्राहाम तो अबाजी, बिन्यामिन तो बनाजी, मोशे तो मुसाजी, दावीद तो दाऊदजी, दानिएल तो दानाजी. वर ज्यांचा उल्लेख आला ते सॅम्युएल एझेकिएल दिवेकर आणि समाजी हसाजी दिवेकर ही एकच व्यक्ती होय, हे माहीत नसलेला वाचक जुने कागद चाळताना एका माणसाचे दोन, आणि इंग्रज कारकुनाच्या लेखणीतून उतरलेले तिसरे, असे तीन पूर्वज करून बसतो. त्यात जुने दप्तर मोडीत असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडून लिहिण्याची शिस्त नाही. इसाजी, मुसाजी, हसाजी ही घाईच्या मोडीत एकमेकांच्या अगदी शेजारी जाऊन बसतात.

आणि एवढे सारे पुरुषांच्या नावांचे. स्त्रियांच्या नावांची अवस्था सांगण्यापलीकडची. जुन्या काळी या समाजातील मुलींना शेजारच्या हिंदू मुलींसारखीच मराठी नावे असत. केतुब्यात मात्र सारा, रिबका, राहेल, लेआ, मिर्याम अशा मोजक्या बायबली नावांपैकी एखादे लिहिले जाई. घरातील सारी माणसे जिला बाराही महिने सकूबाई म्हणत, ती केतुब्यात राहेल असेल, आणि तिच्या नातवंडांना हे कधीच कळले नसेल. मग राहेल बत अब्राहाम, म्हणजे अब्राहामाची कन्या राहेल, अशी नोंद हाताशी येऊनही तीच आपली सकूआजी हे ओळखायचे कशावरून? उत्तर एकच : बापाच्या नावावरून. म्हणून अनुभवी माणूस आडनावापेक्षा या 'बेन' आणि 'बत' यांवर अधिक भरवसा ठेवतो. आडनाव बदलते, व्यवहारातले नाव बदलते, परंतु धर्मकार्यात उच्चारलेले बापाचे नाव सहसा बदलत नाही.

परंतु नेमक्या याच ठिकाणी केतुब्याची मर्यादा उघडी पडते. त्यात वराचा बाप आहे, वधूचा बाप आहे. वराची आई नाही आणि वधूची आईही नाही. यहुदी धर्मशास्त्र मनुष्याचे यहुदीपण आईकडून मोजते, आणि त्याच धर्मातील विवाहाचा मुख्य कागद मात्र आईचे नाव घेत नाही, ही विसंगती एरवी पंडितांच्या गप्पांपुरतीच राहिली असती. ती हजारो माणसांच्या संसारात शिरली १९६२ साली.

त्या प्रकरणाची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला जाऊ लागले आणि लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा गावांतून वस्ती करून राहिले. त्या देशात १९५३ च्या कायद्याने यहुदींचे विवाह व घटस्फोट धर्मन्यायालयांच्या अधीन झाले होते. त्यामुळे लग्न लावायचे तर धर्मपीठाने नेमलेल्या अधिकाऱ्याची संमती हवी, आणि कित्येक अधिकारी बेने इस्रायल वधूवरांची इतर यहुदींशी लग्ने लावण्यास कचरू लागले. त्यांची शंका अशी : या समाजात शतकानुशतके रब्बी नव्हते, मग त्यांच्या पूर्वजांतले घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून, आणि परधर्मीय स्त्रिया त्यांच्या कुळांत आल्या नसतील कशावरून? ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने असे विवाह वैध ठरवले. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांच्या कारकिर्दीत जी नियमावली निघाली, तिच्यात बेने इस्रायल पक्षाच्या आईची, तिच्या आईची आणि त्याप्रमाणे शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश होता.

शक्य तितक्या मागच्या! या शब्दांतला निष्ठुरपणा कायद्याच्या भाषेत दिसत नाही, तो पनवेलसारख्या गावातल्या दप्तराशेजारी बसल्यावर कळतो. कारण आईच्या आईचा शोध केतुब्यावरून करायचा म्हणजे एकेक पायरी चढायची. मुलीच्या केतुब्यात तिच्या बापाचे नाव मिळते. त्या नावावरून तिच्या बापाचा केतुबा हुडकायचा. त्यात त्याच्या वधूचे, म्हणजे मुलीच्या आईचे, नाव मिळते आणि तिच्या बापाचे नाव मिळते. मग त्या आजोबाचा केतुबा हुडकायचा, आणि त्यात आजीचे नाव पाहायचे. प्रत्येक पायरीवर गाव बदलते, कारण मुलगी दुसऱ्या गावाहून आलेली असते. आणि लग्न लागले ते वधूच्या गावी की वराच्या, हे आधी कळण्याचा मार्ग नसतो. पनवेलहून पेण, पेणहून अलिबाग, अलिबागहून रेवदंडा, अशी ही आईच्या रेषेची वाट कोकणच्या किनाऱ्यावरून खाली उतरत जाते, आणि १८४० च्या पलीकडे, जिथे प्रार्थनामंदिरच नाही, तिथे ती अंधारात लोपते. बापाच्या रेषेला निदान आडनावाचा टेकू असतो. आईच्या रेषेला तोही नाही, कारण तिथे दर पिढीला आडनाव नवे.

समाजाने या आदेशाचा अपमान वाटून घेतला यात नवल नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी मराठी मुलखात शब्बाथ, सुंता आणि आहाराचे निर्बंध कोणाच्याही सक्तीवाचून पाळले, त्यांनाच आता तुमची पणजी कोण होती असे विचारले जात होते, आणि हा प्रश्न त्याच रीतीने इतर जमातींना विचारला जात नव्हता. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणे व उपोषण झाले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेट या तिथल्या विधिमंडळाने ठराव करून बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असून वैयक्तिक विधींसह सर्व बाबतींत त्यांचे हक्क समान आहेत असे जाहीर केले, आणि त्या महिनाअखेर धर्मपीठानेही नियमावलीतून त्यांचा नामनिर्देश काढून टाकला. माझ्या मते या झगड्यात समाजाचा जो विजय झाला, त्यात इतिहासाच्या दृष्टीनेही शहाणपण होते; नोंदींचा अभाव हा दोषाचा पुरावा मानायचा, तर जगातले कोणते कुळ दहा पिढ्यांपलीकडे निर्दोष ठरेल?

तथापि त्या काळात वधूवरांच्या आईबापांचे केतुबे शोधण्यासाठी भारतात जी पत्रे आली, जी वहीपाने उलटली गेली, त्यांतून एक अनपेक्षित लाभ झाला : विवाहलेख ही जपून ठेवण्याची वस्तू आहे हे लोकांना कळले. आजही इस्रायलात विवाहनोंदणीच्या वेळी आईबापांचा केतुबा दाखवणे हा यहुदीपणाचा सर्वमान्य दाखला समजला जातो, आणि पनवेलच्या दारी येणाऱ्या पाहुण्यांपैकी काहींचे काम वंशवृक्षापेक्षा अशा व्यावहारिक निकडीचे असते.

सरकारी नोंदींवर या विषयात फारसे विसंबता येत नाही. पारशांच्या विवाहांची नोंदणी १८६५ च्या कायद्याने आणि ख्रिस्ती विवाहांची १८७२ च्या कायद्याने बांधली गेली. यहुदींसाठी तसा स्वतंत्र कायदा झालाच नाही, आणि १८८६ चा जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचा कायदा ऐच्छिक राहिला. मुंबई राज्याचा विवाह नोंदणी अधिनियम १९५३ चा, म्हणजे निम्मा समाज जहाजात चढण्याच्या सुमाराचा. महाराष्ट्राचा आजचा अधिनियम १९९८ चा. तेव्हा जुन्या लग्नासाठी तहसिलीत किंवा नगरपालिकेत हेलपाटे घालणाऱ्या पाहुण्याला मी विनयपूर्वक परत पाठवतो. मात्र पनवेलच्या बाबतीत एक गोष्ट त्याला आवर्जून सांगावी लागते. पनवेल हा तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर तो कुलाब्यात गेला, आणि १९८१ पासून कुलाब्याचेच नाव रायगड झाले. याचा परिणाम असा, की एकोणिसाव्या शतकातल्या पनवेलची माहिती १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात शोधणारा निराश होतो. ती १८८२ च्या ठाणे खंडात आहे. जमिनीचे आणि फौजदारीचे जुने कागदही त्याच न्यायाने जिल्ह्याची हद्द ओलांडून शोधावे लागतात.

छापील साधनांपैकी हाईम सॅम्युएल किहीमकर यांचा इतिहास अजून पहिल्या प्रतीचा मानावा लागतो. १८९७ मध्ये त्यांनी तो इंग्रजीत लिहून पुरा केला आणि त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, १९३७ मध्ये, तो तेल अवीवला छापला गेला. समाजाची आडनावे, नावांची दुहेरी रूपे, लग्नातले मेंदीपासूनचे विधी आणि काझी, मुकादम, चौगुला, गबाई या मानकऱ्यांची व्यवस्था यांचे त्यांनी केलेले वर्णन घरच्या माणसाचे आहे. 'काझी' हा शब्द वाचून दचकू नये. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांकडे वंशपरंपरेने आलेला तो धार्मिक न्यायनिवाड्याचा अधिकार होता, आणि नाव तेवढे जुन्या अमलाच्या भाषेतले. दुसरा मोठा ग्रंथ शर्ली इझेनबर्ग यांचा, १९८८ चा, आधारसामग्रीच्या विपुलतेमुळे शोधकाच्या उशाशी असावा असा. किहीमकरांनी एक अप्रिय गोष्टही लपवलेली नाही : समाजात 'गोरे' आणि 'काळे' इस्रायल असा भेद होता, परजातीच्या स्त्रीपासून झालेल्या संततीला काळे म्हणत, आणि त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. केतुब्यात हा भेद लिहिला जात नाही. पण काही मोजक्याच कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिका फिरत राहिलेल्या दिसल्या, तर त्यामागे गावांच्या जवळिकीखेरीज हाही कंगोरा असू शकतो.

देशांतराचा आरंभ इस्रायलपासून होत नाही हेही ध्यानात घ्यावे. पलटणी, रेल्वे, टपाल आणि दवाखाने यांच्या नोकऱ्यांनी ही माणसे आधीच पुणे, अहमदाबाद, कराची, एडन अशी पांगली होती. पनवेलच्या मुलीचे लग्न कराचीच्या कारकुनाशी झाले असेल, आणि केतुबा तिथल्या, १८९३ मध्ये बांधलेल्या मागेन शालोम सिनेगॉगात झाला असेल, तर त्या वास्तूचा १९८८ मध्ये विध्वंस झाल्यामुळे ती पायरी बहुधा कायमची निखळली. इकडे पनवेललाही निसर्गाने दया दाखवली नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात गावात शिरलेल्या पाण्याने प्रार्थनामंदिरातील धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळ्यांची हानी केली. चर्मपत्राची ही दशा, तर कागदाविषयी बोलायलाच नको. वाळवी, कसर आणि कोकणातली दमट हवा यांचे काम तर पूर नसतानाही अखंड चालूच असते.

म्हणून अलीकडे जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जगभरच्या केतुब्यांची छायाचित्रे संगणकावर आणण्याचा जो उद्योग केला, तो मला मोलाचा वाटतो. जनुकांच्या परीक्षांनीही या समाजाच्या मूळ स्थानाविषयी बरेच सुचवले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या रक्तात पश्चिम आशियाई यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही धारा असल्याचे दाखवले गेले. पण रक्ताची परीक्षा आजीचे माहेर सांगत नाही. हिंदूंना त्र्यंबकेश्वराच्या किंवा काशीच्या तीर्थोपाध्यायाची वही आहे, मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिटियांच्या वंशजांना मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील आगमनपत्रे आहेत. बेने इस्रायलांना तीर्थाचा उपाध्याय नाही आणि जहाजावरचा गिरमिट नाही, त्यांचे सारे भांडवल या केतुब्यांत आणि दफनभूमीतल्या दगडांत.

गेल्या हिवाळ्यात दिमोनाहून आलेल्या एक वृद्ध बाई मजबरोबर बसल्या होत्या. आजीच्या केतुब्याची प्रत त्यांनी मांडीवर पसरली होती. लग्न पनवेलचे, वधू लेआ, कुमारिका, दोनशे झूझ, आणि तिच्या बापाच्या नावापुढे गावाचे नाव पुसट झालेले. भिंग लावून आम्ही ते अक्षर अक्षर जुळवले. पहिले 'पे' स्पष्ट होते, शेवटचे 'नून' अर्धवट; मधले काहीच नव्हते. बाई पुष्कळ वेळ त्याकडे पाहत राहिल्या, मग प्रत घडी घालून पिशवीत ठेवीत त्यांनी विचारले, "पेणची एस. टी. किती वाजता आहे हो?"